काउंटरवरचा एक प्रश्न सोबत न्या

तुमची अडचण मला समजली ती अशी. चार वर्षं तुम्ही ग्रंथालयात सहायक म्हणून काम करताय. पुढच्या महिन्यात ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण आहे आणि या खेपेला तुम्हाला एकटीलाच पाठवताहेत. कार्यक्रमपत्रिकेत एकाच वेळी तीन-तीन सत्रं लावली आहेत, त्यातली कोणती निवडावीत हे तुम्ही विचारलंय. परतल्यावर ग्रंथपालांना अहवालही द्यायचा आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की मागच्या वेळी वरिष्ठांबरोबर गेले होते, येताना पिशवी, पेन आणि प्रमाणपत्र आणलं. तिथं काय ऐकलं ते आता आठवतही नाही.

मला उत्तर द्यायचंय ते या शेवटच्या वाक्याला.

काउंटरवर सव्वीस वर्षं काढल्यावर एक खोड जडते. वाचक पहिल्यांदा जे विचारतो तेच त्याला हवं असेल, यावर विश्वास बसत नाही. ‘आरोग्याची पुस्तकं कुठल्या रांगेत?’ असं विचारणाऱ्या बाईंना खरं तर आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी काय काळजी घ्यायची ते हवं असतं. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली याच विषयावर एक लेख लिहिला आणि माहितीच्या गरजेच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी नुसती आतली चुळबुळ. मग काहीतरी हवंय हे कळतं, पण धड सांगता येत नाही. मग प्रश्न नीट शब्दांत मांडता येतो. आणि चौथ्या पायरीवर, समोरच्या ग्रंथालयात काय मिळेल याचा अंदाज घेऊन माणूस आपल्याच प्रश्नाची काटछाट करतो आणि ती उरलेली चिंधी काउंटरवर ठेवतो.

‘कोणतं सत्र निवडू?’ हा तुमचा प्रश्न चौथ्या पायरीवरचा आहे. पत्रिकेत सत्रं दिसली म्हणून तुम्ही तो सत्रांपुरता कापला. मूळ प्रश्न बहुधा असा आहे: त्या दिवसातलं काहीतरी माझ्या कामापर्यंत पोहोचेल का, की हाही दिवस वाया जाईल? तसं असेल तर सत्रांची निवड ही दुय्यम गोष्ट आहे. निघण्याआधीचा आठवडा आणि परतल्यानंतरचा आठवडा त्याहून महत्त्वाचे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. शाळेच्या ग्रंथालयात एकटीनं सगळं सांभाळणारीला आणि मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात फक्त तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी, करणाऱ्याला एकच सल्ला लागू पडत नाही. तुमचे ग्रंथपाल छोटे बदल करू देतात की प्रत्येक गोष्टीला समितीची मंजुरी लागते, यानंही फरक पडतो. दिवसाचा खर्च कोण करतंय तेही पाहा. सॉफ्टवेअर किंवा उपकरणं विकणाऱ्यांनी हात सढळ सोडला असेल तर पत्रिकेत त्यांची सत्रं कोणत्या वेळेला आहेत ते बघितलं की कळतं. आणि केवळ बढतीसाठी प्रशिक्षणाचे तास भरायचे म्हणून जात असाल, तर त्यातही लाज वाटण्यासारखं काही नाही. मीही तशी गेले आहे. पण तुमच्या त्या शेवटच्या वाक्यावरून तुमचं तसं दिसत नाही.

आता निघण्याआधीचा आठवडा. वाचकाला नेमकं काय हवंय ते प्रश्न विचारून काढतो, त्याला संदर्भ मुलाखत म्हणतात; ती स्वतःचीच घ्या. ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूडनी यांनी १९८६ मध्ये वाचकाला प्रश्न विचारण्याची एक साधी रीत मांडली होती. तीन गोष्टी विचारायच्या: हा प्रश्न कुठल्या परिस्थितीतून आला, नेमकं कुठे अडलंय आणि उत्तर मिळालं तर त्याचं काय करणार. मी ही रीत वाचकांसाठी शिकले आणि पुढे सगळ्यात जास्त वापरली ती स्वतःवर.

उदाहरण देते. ‘वाचकसंख्या कशी वाढवावी’ हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणाला जाऊ नका. त्याला शंभर उत्तरं मिळतात आणि एकही घरी येत नाही. तोच प्रश्न मुलाखतीतून काढा. परिस्थिती: नवे सभासद होतात, पण त्यातले बरेच जण दोन-तीन भेटींनंतर फिरकत नाहीत. अडलंय कुठे: पहिल्या दिवशी आपण त्यांना दंडाचे आणि मुदतीचे नियम सांगतो, फॉर्म भरून घेतो आणि कपाटांकडे बोट दाखवतो, पुस्तकापर्यंत त्यांना कुणीच नेत नाही. उपयोग: पहिल्या भेटीची दहा मिनिटं कशी वापरावीत हे ठरवता आलं तर उद्यापासून बदलता येईल. झाला प्रश्न: ‘नव्या सभासदाच्या पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता?’ हा प्रश्न घेऊन गेलात तर ज्याच्याशी बोलाल तो काहीतरी देऊनच जाईल.

हा प्रश्न घरी बसून सुचत नाही. काउंटरवर एक कोरा कागद ठेवा आणि आठवडाभर दर वेळी अडलं की एक रेघ मारा. वाचकानं मागितलेलं पुस्तक यादीत आहे पण जागेवर नाही: एक रेघ. परत आलेलं पुस्तक दुपारपर्यंत ढिगातच पडून: एक रेघ. प्रिंटर कसा चालतो हे दिवसात सहाव्यांदा सांगितलं: रेघ. आठवड्याअखेर ज्या ओळीपुढे रेघा जास्त, तो तुमचा प्रश्न. मला एकदा वाटत होतं की आमचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे जुनं सॉफ्टवेअर. कागदावर मात्र रेघा होत्या चुकीच्या जागी लावलेल्या पुस्तकांपुढे. सॉफ्टवेअरच्या सत्राला जायचा बेत मी तिथेच सोडला.

सत्रं निवडताना विषयाचं नाव शेवटी बघा. आधी बघा बोलणारी व्यक्ती कुठे काम करते. तुमच्याएवढ्याच ग्रंथालयात, तुमच्याएवढ्याच माणसांत काम करणारं कुणी अगदी रूक्ष विषयावर बोलत असेल, तरी ते सत्र चाळीस माणसांच्या ग्रंथालयातल्या झगमगीत सत्रापेक्षा जास्त कामाचं. दुसरं, ‘आम्ही काय केलं’ असं सांगणारं सत्र ‘भविष्यातील आव्हाने आणि संधी’ या थाटाच्या सत्राऐवजी घ्यावं. आव्हानं आपल्याला पाठ असतात. तिसरं, एक सत्र मुद्दाम स्वतःच्या कामाबाहेरचं घ्या. तुम्ही देवघेव विभागात असाल तर तालिकीकरणाच्या सत्रात बसा. आपण ज्या नोंदींवर दिवसभर शोध घेतो त्या बनवताना कुठे चुकतं हे कळलं की शोधण्याची पद्धतही सुधारते.

विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकाला जायला हरकत नाही, पण बसून पडदा पाहू नका. एक प्रश्न नक्की विचारा: आम्ही उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं, तर आमच्या सगळ्या नोंदी मार्क २१ या स्वरूपात बाहेर काढून मिळतील का, आणि सभासदांची व देवघेवीची माहितीही मिळेल का? मार्क हा पुस्तकांच्या नोंदींचा साचा हेन्रिएट अव्‍रम यांच्या देखरेखीखाली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात घडला, तो याचसाठी की एका यंत्रावरची नोंद दुसऱ्या यंत्राला वाचता यावी. या प्रश्नाला उत्तर देताना विक्रेता ‘ते करता येईल’ म्हणतो की ‘हे बघा असं होतं’ म्हणून करून दाखवतो, यात सगळं आलं. सॉफ्टवेअर विकतच घ्यावं लागतं असंही नाही. कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी बनलं आणि २००० च्या सुरुवातीला तिथं चालू झालं. जुनी प्रणाली २००० साल ओलांडताना कोलमडेल अशी त्यांना धास्ती होती. एका ग्रंथालयाची अडचण पुढे किती जणांच्या उपयोगी पडली ते बघा. पण मुक्त म्हणजे फुकट नव्हे. ते सांभाळायला माणूस लागतो, आणि तो माणूस कोण हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक सत्र असणारच. जा, पण तुमच्या काउंटरवरचा अनुभव सोबत घेऊन जा. हल्ली वाचक चॅटबॉटनं दिलेली पुस्तकांची यादी घेऊन येतात आणि त्यातली काही पुस्तकं अस्तित्वातच नसतात. लेखक खरा, नाव पटण्यासारखं, साल ठसठशीत, पण असं पुस्तक कुणी लिहिलेलंच नाही. अशा वाचकाला न दुखावता कसं सांगायचं, आणि ‘तुमच्याकडे नाही’ व ‘मुळात नाहीच’ यातला फरक कसा पटवायचा, हे त्या सत्रात विचारा. नुसतं तंत्रज्ञानाचं कौतुक चाललं असेल तर हा प्रश्न त्याला जमिनीवर आणतो.

बरं, ज्या सत्रात बसाल तिथे काय विचाराल? व्यासपीठावर माणसं यशाच्याच गोष्टी सांगतात. त्यात खोटं काही नसतं, पण किंमत सांगायची राहून जाते. म्हणून माझे दोन-तीन ठरलेले प्रश्न आहेत. हे सुरू केल्यावर कुठलं काम सोडून द्यावं लागलं? आठवड्याला किती माणसांचे किती तास जातात? ज्यानं हे सुरू केलं तो बदलून गेल्यावर चालू राहिलं का? एकदा मुलांच्या वाचनतासाविषयी फार सुंदर मांडणी झाली होती. मी तासांचा प्रश्न विचारला, तेव्हा बोलणाऱ्या बाई क्षणभर थांबून म्हणाल्या की तयारी त्या रविवारी घरी करतात. सभागृह शांत झालं. त्या उत्तरामुळे मी तो उपक्रम आमच्याकडे आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा सुरू केला आणि तो टिकला. सर्वांसमोर विचारायला संकोच वाटत असेल तर सत्र संपल्यावर पुढे जाऊन विचारा. खरं तर तिथे उत्तर जास्त मोकळं मिळतं.

संकोचाबद्दल तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणून जरा थांबते. सत्रांइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, सत्रांच्या मधल्या वेळात मिळतं. हॅरिसन ओवेन या गृहस्थांच्या हे लक्षात आलं की परिषदेत लोकांना आवडतो तो मधल्या सुट्टीचा वेळ, आणि १९८५ मध्ये त्यांनी संपूर्ण बैठकच त्या धर्तीवर भरवली. आलेल्यांनीच विषय मांडायचे, गट करायचे आणि जिथे आपण काही शिकतही नाही, काही देतही नाही तिथून उठून दुसरीकडे जायचं. या शेवटच्या गोष्टीला ते दोन पायांचा नियम म्हणत. नेहमीच्या प्रशिक्षणात हा नियम कुणी जाहीर करत नाही, पण पाय तुमचेच आहेत. वीस मिनिटांत कळलं की सत्र आपल्यासाठी नाही, तर शांतपणे उठून शेजारच्या दालनात जायला हरकत नसते. म्हणून दाराजवळची खुर्ची धरा.

अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायला हुशारी लागत नाही. स्वतःची अडचण सांगा. ‘आमच्याकडे परत आलेली पुस्तकं जागेवर लावायला दोन दिवस लागतात, तुमच्याकडे कसं करता?’ एवढं म्हटलं की ग्रंथालयातला माणूस गप्प बसूच शकत नाही. मला आठवतंय, असं विचारल्यावर एका बाईंनी सांगितलं की त्या पुस्तकं लगेच लावतच नाहीत. काउंटरशेजारी एका उघड्या मांडणीवर ‘नुकतीच परत आलेली’ अशी पाटी लावून ठेवतात आणि त्यातली बरीचशी तिथूनच पुन्हा जातात. कुणीतरी वाचून आणलेलं पुस्तक लोकांना आपोआप हवंसं वाटतं. हे कुठल्याही व्याख्यानात नव्हतं. हात धुवायच्या रांगेत मिळालं. आम्ही ती मांडणी पुढच्याच सोमवारी केली. आजही आहे.

दिवसभरात दोन माणसं पुरे. वीस जणांचे क्रमांक घेऊन एकालाही फोन न करण्यापेक्षा दोघांशी नीट बोला, आणि निघताना ‘पुढच्या महिन्यात मी हे करून बघणार आहे, कसं झालं ते कळवते’ असं सांगा. कळवायला कारण राहतं आणि ओळख टिकते. एकटीनं काम करणाऱ्यांना तर हे फार लागतं. शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नसतं, तेव्हा असा एक फोन क्रमांक मोठा आधार असतो.

नोंदींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी पूर्वी पानंच्या पानं भरायचे. मग एका वहीत डावीकडे ऐकलेलं आणि उजवीकडे ‘आमच्याकडे?’ एवढंच लिहायला लागले. उजवी बाजू रिकामी राहिली तर ते सत्र संपल्यातच जमा. पडद्यावरच्या स्लाइड्सचे फोटो काढू नका, त्या नंतर मागून मिळतात. आणि काढलेले फोटो आपण पुन्हा कधीच बघत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

वही त्याच संध्याकाळी उघडणं मात्र गरजेचं. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या दिवसातच निसटतो आणि पुढची गळती सावकाश होते. त्यांनी निरर्थक अक्षरं पाठ केली होती, आपण अर्थ असलेलं ऐकतो, त्यामुळे त्यांचं माप आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. तरी पहिल्या दिवसाची घसरण मी माझ्या वहीत पाहिली आहे. मंगळवारी स्वतःच लिहिलेलं ‘रंगीत पट्टी!!’ गुरुवारी मला कळेना. दोन उद्गारचिन्हं होती म्हणजे काहीतरी जबरदस्त असणार. काय, ते आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून परतीच्या प्रवासात मी तीन पूर्ण वाक्यं लिहिते. सुटे शब्द नाहीत, वाक्यं. ‘नव्या सभासदाला पहिल्या दिवशी एक पुस्तक हातात देऊनच पाठवायचं, फॉर्म नंतर भरला तरी चालतो.’ असं.

आता परतल्यानंतरचा आठवडा, जिथे माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली होती. एका प्रशिक्षणात मी ललित साहित्य प्रकारानुसार मांडण्याविषयी ऐकलं: रहस्यकथा वेगळ्या, ऐतिहासिक कादंबऱ्या वेगळ्या, विनोदी वेगळं. मी भारावून आले आणि सुट्टीच्या दिवशी दोघांना मदतीला घेऊन लेखकाच्या नावानुसार लावलेली तीन कपाटं उलटीपालटी केली. सोमवारी आमचे ज्येष्ठ परिचर आले. हा माणूस डोळे मिटून हवं ते पुस्तक काढून देणारा. त्या दिवशी ते एका वाचकासाठी कपाटासमोर उभे राहिले आणि त्यांना पुस्तक सापडेना. ते मला काही बोलले नाहीत. वाचकाला म्हणाले, ‘मॅडमना विचारा.’ दोन आठवड्यांनी आम्ही सगळं पूर्ववत केलं. कल्पना वाईट नव्हती, आणि पुष्कळ ठिकाणी ती चांगली चालते. पण ज्यांच्या हातांनी ते काम रोज होतं त्यांना मी विचारलंच नव्हतं, आणि पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठी किंवा यादीत खूण न करता फक्त पुस्तकं हलवली होती. लेखकाचं एक पुस्तक इकडे, दुसरं तिकडे, आणि संगणक दोन्हींसाठी जुनीच जागा सांगतोय.

म्हणून पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट करा, ती लहान असू द्या आणि मागे घेता येण्याजोगी असू द्या. एका कपाटापुरती, एका महिन्यापुरती.

लहान म्हणजे किती, ते एका उदाहरणानं सांगते. पुस्तकं बाद करण्याच्या एका सत्रात मी क्र्यू पद्धत शिकले. ही छोट्या आणि मध्यम सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९७६ मध्ये टेक्ससमध्ये तयार झाली. तिच्यात प्रत्येक विषयाला एक सूत्र असतं: पुस्तक प्रकाशित होऊन किती वर्षं झाली, शेवटचं कधी दिलं गेलं, आणि ते दिशाभूल करणारं, फाटकं-मळकं, नवी आवृत्ती आलेलं, किरकोळ, आपल्या वाचकांना गैरलागू किंवा दुसरीकडून सहज मिळणारं आहे का. संगणकाच्या पुस्तकांना सूत्र कडक आहे: तीन वर्षं उलटली की, वाचक नेत असले तरी, बाद करण्याचा विचार करा. हे सूत्र मी आमच्या कपाटाला जसंच्या तसं लावलं असतं तर कपाटच रिकामं झालं असतं. आमची खरेदी तेवढी नव्हतीच. मग मी आकडा सोडला आणि कारणांची यादी घेतली. संगणकाचं एकच कपाट, रोज अर्धा तास. आता कुठेच न चालणाऱ्या प्रणालींची पुस्तकं बाजूला काढली, यादी केली आणि ग्रंथपालांपुढे ठेवली. दाखल नोंदवहीतून पुस्तक कमी करायला मंजुरी लागते, ती येईपर्यंत पुस्तकं खोक्यात, कुठलंही नष्ट केलेलं नाही. कुणी विचारलं असतं तर पाच मिनिटांत परत लावता आली असती. प्रशिक्षणातलं सूत्र आणि आपलं कपाट यांच्यामध्ये असा एक अनुवाद करावा लागतो, आणि तो व्यासपीठावरून कुणी करून देत नाही.

अहवालाचं म्हणाल, तर सत्रांची नावं आणि वक्त्यांचे परिचय लिहून चार पानं भरू नका; ते पत्रिकेत छापलेलंच असतं. एक पान पुरे. मी कुठला प्रश्न घेऊन गेले होते, त्यावर काय मिळालं, त्यातलं काय करून पाहायचं आहे, त्याला किती तास आणि कुणाची परवानगी लागेल. आणि एक परिच्छेद, जो सहसा कुणी लिहीत नाही: तिथं ऐकलेलं काय आपण करू नये, आणि का. ग्रंथपाल हा परिच्छेद आधी वाचतात असा माझा अनुभव आहे. कुणीतरी डोळे उघडे ठेवून गेलं होतं हे त्यातून कळतं, आणि मग वरच्या मागणीला होकार मिळणं सोपं जातं.

त्या पानात शेवटी आणखी एक ओळ घालायला मी सुचवेन. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं कर्मचाऱ्यांच्या निरंतर प्रशिक्षणाविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, २०१६ ची आवृत्ती आहे. त्यात म्हटलंय की शिकत राहण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची आहे तशीच नेमणूक करणाऱ्या संस्थेचीही, आणि कामाच्या तासांपैकी सुमारे १० टक्के तास त्यासाठी द्यावेत. एवढे तास देणारं ग्रंथालय मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तुम्ही दहा टक्के मागू नका. ऐकलेलं करून बघायला महिनाभर आठवड्याचा एक तास मागा. आकड्याच्या शेजारी ठेवलं की एक तास फारच थोडा दिसतो.

अभिप्रायाचा फॉर्म मिळेल तोही मनापासून भरा. असे दिवस भरवणाऱ्यांमध्ये मी काही वेळा होते. ते फॉर्म खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि उशिरा सुरू झालेली सत्रं यांच्यापलीकडे जात नाहीत. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या सांगितल्या होत्या: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, आणि त्यातून काही निष्पन्न झालं का. फॉर्म पहिल्या पातळीवरच संपतो, कारण तो दिवस संपायच्या आत भरून घेतात. तुम्ही दोन महिन्यांनी आयोजकांना चार ओळी लिहून कळवा की काय केलं आणि काय जमलं नाही. आम्हाला अशी पत्रं वर्षाला एखाद-दुसरी यायची, आणि पुढच्या वर्षी वक्ता शोधताना आम्ही पहिला फोन त्याच माणसाला करायचो. तेव्हा जपून.

राहिली तुमच्या जागी त्या दिवशी काउंटर सांभाळणारी व्यक्ती. तुमचं ग्रंथालय एकमाणशी असेल तर आठवडाभर आधी दारावर सूचना लावा, त्या दिवशीच्या मुदती पुढे ढकला आणि कुणालाही दंड लागणार नाही असं बघा. पण तुमच्या लिहिण्यावरून दुसरं कुणीतरी आहे. त्या माणसाला त्या दिवशी दुप्पट काम पडणार आणि प्रमाणपत्र तुम्हाला मिळणार. परतल्यावर तिथल्या गमतीजमती सांगण्याआधी विचारा, काल इथे काय झालं? निघायच्या आदल्या दिवशीही विचारा, ‘तिथं कुणाला काय विचारून येऊ?’ जे सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर, तुमच्या प्रश्नाच्या वर लिहा आणि त्याचं उत्तर शोधूनच या. मग परतल्यावर जो काही बदल सुचवाल, त्यात त्यांचाही एक प्रश्न असेल, आणि सोमवारी कपाटासमोर उभं राहून ‘मॅडमना विचारा’ असं म्हणायची वेळ त्यांच्यावर येणार नाही.